दुसऱ्यांच्या शेगडीवर उतू गेलेलं दूध

जायचं ठरलं ते एका ओंडक्याच्या फोटोमुळे.

लिनने पाठवला होता. मध्यभागी खळगा पडलेला जुना, काळपट ओंडका, आणि त्याच्या चारही बाजूंनी कोरा करकरीत ओटा. पाट मांडून जावयाला बसवावं तसा तो ओट्यात बसवलेला. खाली लिहिलं होतं, ‘पणजोबा शेवटी घरी बसले.’ तिचे पणजोबा याच ओंडक्यावर भाज्या आणि मांस चिरायचे. चिरून चिरून त्याला खळगा पडला. आता तो सॅन फ्रान्सिस्कोत, तिच्या आजीच्या नव्या स्वयंपाकघरात.

मी तेव्हा वेस्ट विंडसरला आईबाबांच्या घरात, दुपारी बारा वाजता गादीवर लोळत होते. खाली कॉन्ट्रॅक्टर आमच्या किचनची मापं घेत होता आणि आई जिन्यातून हाका मारत होती, “मुक्ते, टाइल बघायला ये गं! पांढरी घेऊ की ऑफ-व्हाइट?”

“कुठलीही घे!” मी ओरडले, आणि पुन्हा ओंडका झूम करून पाहिला.

सरळ सांगते, जळले मी. लोक कुणाच्या गाडीवर जळतात, कुणाच्या ग्रीन कार्डवर जळतात. मी एका लाकडावर जळले. त्याच दुपारी तिकीट काढलं.

लिन माझी मैत्रीण. गेल्या हिवाळ्यात व्हरमाँटच्या एका स्की लॉजच्या भटारखान्यात आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहून पोतीच्या पोती कांदे चिरलेत. ती कॅलिफोर्नियाची, चिनी घरातली, चौथी पिढी. ती परत जाऊन सुतारकाम शिकली आणि आता लोकांची स्वयंपाकघरं बनवते. मी आठवीत असताना नाशिकहून इकडे आले, कॉलेज दोनदा सुरू केलं, दोनदा सोडलं, आणि आता जिथे काम मिळेल तिथे जाते. मधल्या काळात आईकडे येऊन कपडे धुते.

आमच्या घरात दोन स्वयंपाकघरं आहेत, हेही इथेच सांगायला हवं. एक आतलं, पाहुण्यांना दिसतं ते. दुसरं गॅरेजमध्ये. बाबांच्या ऑफिसात एकदा कुणीतरी त्यांच्या कोटाचा वास घेऊन हसत विचारलं होतं, “काल रात्री काय होतं जेवायला?” बाबा ते घरी गंमत म्हणून सांगायला गेले. आई हसली नाही. पुढच्या शनिवारी गॅरेजमध्ये सिलिंडरवर चालणारी दोन बर्नरची शेगडी आली. तेव्हापासून फोडणी, मासे, चकल्या, सगळं गॅरेजचं दार वर करून, थंडीत जॅकेट घालून. मला त्याची लाज वाटायची. शाळेतली मैत्रीण यायची असली की मी आईला आधी सांगायचे, “आज गॅरेजमध्ये काही करू नकोस, प्लीज.”

नव्या किचनमध्ये मोठा एग्झॉस्ट येणार होता, म्हणून गॅरेजातली शेगडी जाणार होती. मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

सॅक्रामेंटो आणि नदीकाठचा रस्ता

विमान सॅन फ्रान्सिस्कोचं घ्यायला हवं होतं, पण लिन म्हणाली, “आधी सॅक्रामेंटोला उतर. ओंडका कुठून आला ते दाखवते.” जानेवारीच्या शेवटी तिकडे कुणी हौसेने जात नसावं, कारण तिकीट स्वस्त मिळालं. स्वस्त म्हणजे एक थांबा, पायांना जागा नाही, आणि बॅगेचे पैसे वेगळे. पाठीवरच्या सॅकवर भागवा.

लिन तिच्या खटारा पिकअपमध्ये न्यायला आली. मागे फळ्या, पुढे तीळ लावलेल्या बिस्किटांचा डबा. सॅक्रामेंटो नदीच्या बांधावरून एक रस्ता दक्षिणेला जातो. जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पेट्रोल आधीच भरा, आणि सकाळी धुकं असेल तर घाई करू नका, कारण रस्ता अरुंद आहे, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला खोल उतार. खाली नासपतीच्या बागा. हिवाळ्यात झाडांवर पान नसतं. रांगेत उभी राहिलेली काळी, वेडीवाकडी झाडं धुक्यातून एकेक करून पुढे येतात आणि मागे जातात.

वाटेत एक पिवळा उचलता पूल लागला. तो उघडताना पाहायचाच म्हणून मी लिनला थांबवलं. एक म्हातारा मासे पकडत बसला होता. त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याच्या थर्मासमधली कॉफी प्यायले. पूल काही उघडला नाही.

“तू अशीच पोचतेस का सगळीकडे?” लिनने विचारलं.

“पोचते ना पण!”

“उद्या पोचतेस.”

गाव म्हणजे एक रस्ता. दोन्ही बाजूंना लाकडी दुमजली घरं, रंग उडालेली, एकमेकांच्या खांद्यावर रेललेली. चिनी मजुरांनी स्वतःसाठी बांधलेलं गाव आहे हे. त्यांनीच हे बांध घातले, बागांमध्ये राबले, आणि ज्या जमिनीवर घरं बांधली ती जमीन मात्र त्यांना विकत घेता येत नव्हती. लिनने हे सगळं चालता चालता, बिस्किट खात सांगितलं. मी आवाज खाली आणला होता. तिने आणला नव्हता. आपल्याच घरातलं बोलायला कोण आवाज खाली आणतं!

एका बंद दारासमोर ती थांबली. “इथे मजुरांची खानावळ होती. पणजोबा आचारी. खानावळ बंद झाली तेव्हा मालकाने विचारलं, काय हवं ते ने. त्यांनी ओंडका मागितला. बसमध्ये मांडीवर घेऊन शहरात आले.”

“मांडीवर?”

“पोपो म्हणते मांडीवर. जड आहे तो. मला वाटतं पायाशी ठेवला असेल.”

पोपो म्हणजे तिच्या आईची आई. त्या लोकांत आईच्या आईला वेगळा शब्द आणि वडिलांच्या आईला वेगळा. याच्यावरही मी जळले. माझ्या दोन्ही बाजूंना नुसत्या आज्याच.

गावात पार्किंग फुकट आहे. जेवायला एकच जागा उघडी होती, तिथे सँडविच खाल्लं, बरं होतं. खाताना आईला मेसेज केला, ‘आपले पणजोबा काय करायचे?’

लगेच उत्तर आलं. ‘कुणाचे? माझ्याकडचे की बाबांकडचे? तू जेवलीस का?’

मी ‘हो’ लिहिलं. पणजोबा तिथेच राहिले.

पोपोचं घर

सॅन फ्रान्सिस्कोचा समुद्राकडचा भाग नकाशात पाहिला तर चौकटीच्या वहीसारखा दिसतो. एकसारखे रस्ते, एकमेकांना चिकटलेली फिक्या रंगांची घरं, खाली गॅरेज, वर राहायचं. धुकं एवढं की शेवटी समुद्र आहे हे फक्त वासावरून कळतं. राहायची सोय नसेल तर शहर महाग आहे, पण ट्राम इथपर्यंत येते आणि खायला मात्र स्वस्त. कोपऱ्यावरच्या बेकरीत अंड्याच्या पिवळ्या मलईचा छोटा टार्ट मिळतो. दोन घ्या. एक घेऊन मी परत फिरले आणि पुन्हा रांगेत उभी राहिले.

पोपो माझ्या खांद्याएवढीसुद्धा नाही. दारात तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि लिनला काहीतरी म्हणाली.

“काय म्हणतात?”

“म्हणते, ही वाऱ्याने आली का?”

मग ते स्वयंपाकघर. मी मुद्दाम चुका शोधत आत गेले होते. खरंच.

ओटा दोन उंचींचा होता. उंच भाग बाकीच्यांसाठी, सखल भाग पोपोला खुर्चीत बसून पीठ मळायला, करंज्यांसारखं काहीतरी भरायला. मोठी कढई बसेल अशी शेगडी ओट्यात खाली उतरवलेली, म्हणजे पोपोचा खांदा वर उचलला जात नाही. शेगडी आणि सिंक समोरासमोर नाहीत, कारण आग आणि पाणी एकमेकांकडे टक लावून बसले तर घरात भांडणं होतात. शेगडीशी उभं राहिलं की पाठ दाराकडे येत नाही. बांबूच्या चाळणीसारख्या वाफवायच्या टोपल्यांसाठी खोल खण. खिडकीत सॉसेज वाळत घालायला पितळेचे आकडे. बाहेरच्या खोलीकडे सरकती काच, तळण सुरू झालं की ओढून घ्यायची. आणि शेगडीच्या डोक्यावर, एग्झॉस्टच्या बाजूला, हातभर कोनाडा. कोनाडा रिकामा होता.

“हा कुणासाठी?”

“चुलीच्या देवासाठी. तो सध्या गावाला गेलाय,” लिन म्हणाली.

वर्षभर हा देव चुलीशेजारी बसून घरात काय चाललंय ते पाहतो. चिनी नवं वर्ष यायच्या आठवडाभर आधी वर जातो आणि तिथल्या मोठ्या साहेबाला अहवाल देतो. म्हणून जायच्या आधी त्याच्या कागदी चित्राच्या तोंडाला मध फासतात. गोड बोलावं, किंवा ओठ चिकटून बोलताच येऊ नये. मग कागद जाळतात, तो धुरातून निघतो. नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी नवा कागद लावला की परत.

“म्हणजे आत्ता घरात कोणी बघायला नाही?”

लिनने हे पोपोला सांगितलं. पोपो हसली, कपाटातून आणखी एक टार्ट काढून माझ्या हातात दिला.

“म्हणते, खाऊन घे. या आठवड्यात मोजत नाहीत.”

सांगा, माणसाने जळायचं नाही तर काय करायचं? आमच्याही ओट्याच्या वर कप्पा आहे. त्यात वायफायचा डबा आहे.

तळण

नवी शेगडी अजून पेटवली नव्हती. देव परत येईल त्या दिवशीच तिचा पहिला जाळ. पण नव्या वर्षाचं तळण तर व्हायला हवं होतं. ते खाली, जुन्या जागी.

जिना उतरले आणि थबकले. गॅरेज. भिंतीला चिकटवलेली ॲल्युमिनियमची फॉइल, तेलाने पिवळी पडलेली. जाळाची शेगडी. प्लॅस्टिकचं स्टूल. खिळ्यावर झारा. दार अर्धं वर, बाहेरून धुकं आत. लिन म्हणाली, “तीस वर्षं पोपोने इथेच केलं सगळं. वरचं किचन शोभेचं. आता गुडघे चालत नाहीत, जिना होत नाही. म्हणून मी खालचं वर नेलं.”

असलीच फॉइल मी एके काळी शाळेतल्या मैत्रिणींपासून लपवली होती.

तळणाचे कायदे कडक. नवीन वर्षाचं तेल तापलं की त्याच्याजवळ वाकडं बोलायचं नाही. ‘झालं का’, ‘संपलं का’, ‘करपलं का’ हे विचारायचं नाही. तेल ऐकतं. मी तोंड मिटून स्टुलावर बसले. पोपोने पिठाचे छोटे गोळे तिळात घोळवून तेलात सोडले. तेलाने त्यांना वर आणलं, आणि मग एकेका गोळ्याला भेग पडायला लागली. आरपार.

“अगंबाई! हसले!” मी ओरडले. मराठीत. वर कपाळाला हात लावला.

यात माझी काय चूक? आमच्याकडे अनारसा तुपात पडून फुटला, विरघळला, की म्हणतात तो हसला. हसला म्हणजे पीठ बिघडलं, आईचं तोंड उतरलं, अख्खा दिवस फुकट. दिवाळीत मी गॅरेजमधून जाताना ‘हसला का गं?’ विचारलं म्हणून आईने झारा उगारला होता माझ्यावर.

पोपोचा चेहरा बदलला. कढईपाशी माझा असला रडका चेहरा! तिने झाऱ्यानेच मला बाहेर व्हायची खूण केली. मी अर्ध्या वर केलेल्या दाराखाली, धुक्यात. लिन मागे आली.

“काय झालं तुला?”

मी सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून एवढी हसली की खाली बसली. मग आत जाऊन पोपोला सांगितलं, आणि आतून पोपोचं हसणं ऐकू आलं. त्या गोळ्यांचं नावच हसऱ्या तोंडावरून आहे. भेग जितकी मोठी तितकं वर्ष चांगलं. जे हसत नाहीत ते बिघडलेले.

मला आत घेतलं. पोपोने सर्वांत मोठ्या तोंडाचा गोळा माझ्या हातावर ठेवला आणि लिनकरवी विचारलं, “तुमच्याकडे सगळं उलटं का? नवी चूल पेटवताना तरी तुम्ही काय करता?”

बाई साधं विचारत होती. पण ओंडका, कोनाडा, मध, पायांशी की मांडीवर, सगळं माझ्या पोटात तीन दिवस साठलं होतं. मी ताठ बसले.

“दूध उतू घालवतो. नव्या शेगडीवर पहिल्यांदा दूधच. भरून वाहायला हवं. आमच्या घरी हे केल्याशिवाय चहासुद्धा होत नाही. मोठा विधी असतो,” मी म्हणाले. “मीच करते.”

मी एकदाही केलं नव्हतं. पाहिलंही नव्हतं धड.

पोपोने विचार केला. “आम्ही पाणी उकळतो.”

“पाणी?” मी म्हणाले. “नुसतं?”

तीन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. दोन मिनिटं टिकलं. मग लिनने पोपोचं पुढचं वाक्य सांगितलं. “म्हणते, मग आमच्या नव्या शेगडीवर तूच कर. देव येईल त्या दिवशी.”

चायनाटाउन, आणि मी कशी सुटायला बघत होते

मधला एक दिवस होता. लिनने देवाचा कागद आणायला मला चायनाटाउनला पाठवलं. ट्रामने जा, गाडी नेऊ नका, पार्किंगमध्ये दिवस जाईल. मी एका दुकानात शिरले ते कासवांची हाडं विकतात की काय म्हणून, दुसऱ्यात पतंगांसाठी, तिसऱ्यात पाऊस आला म्हणून. नव्या वर्षासाठी संत्र्यांची झाडं कुंड्यांत विकायला होती, रस्ता त्यांनीच भरलेला. देवाचा लाल कागद मिळाला तो शेवटी झाडूच्या दुकानात, अगदी स्वस्त. मी डोक्यात कारणं जुळवत होते. दुधाची ॲलर्जी आहे सांगू? आज चतुर्थी आहे, चालत नाही, सांगू?

संध्याकाळी लिन सखल ओट्याला शेवटचं तेल चोळत होती.

“तुझं बरं आहे,” मी म्हणाले. “तुला सगळं आयतं मिळालं. ओंडका, देव, पणजोबा.”

तिने फडकं थांबवलं.

“आयतं? ओंडका गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांखाली पडला होता. माझी आई टाकून देणार होती. पोपोच्या भाषेतले मला चार शब्द यायचे. दोन वर्षं मी त्या जिन्यावर बसले, मुक्ता. ती तळायची, मी तिच्या कोपराची उंची मोजायचे. हा ओटा एवढाच का? कारण तिचं कोपर एवढं आहे.” मग म्हणाली, “तुझ्या आईचं केवढं आहे?”

मला माहीत नव्हतं. मला टाइलचा रंगही माहीत नव्हता.

दूध

देव परत यायच्या दिवशी सकाळी मी गुपचूप बाल्कनीत जाऊन आईला व्हिडिओ कॉल लावला. ती जेवायच्या सुट्टीत ऑफिसमधून घरी आली होती, मागे आमचं किचन, ओटा नवा, भिंतींवर टाइल अजून अर्ध्याच.

“आई, नवी शेगडी पेटवताना दूध कसं उतू घालवतात?”

“का गं?”

सांगितलं. खोटं बोलले तेही सांगितलं. आई आधी खो खो हसली. मग तिचा चेहरा स्क्रीनजवळ आला आणि ती बोलायला लागली ती थांबेचना. पातेलं लहान घे, तोंडापर्यंत भर. आधी शेगडीला हळदकुंकू. नसेल तर त्यांचा लाल कागद आहे ना, तो समोर ठेव, त्यांच्या चुलीला त्यांचंच कुंकू. उतू जाताना गॅसला हात लावायचा नाही, कितीही वाटलं तरी. पूर्वेला गेलं तर उत्तम. उरलेल्या दुधात तांदूळ घालून खीर करायची, पहिली वाटी शेगडीपुढे.

“तुला एवढं कसं माहीत?”

“आपल्या वास्तुशांतीला केलं होतं की. तू वर होतीस, कानात ते घालून.” मग तिचा आवाज बदलला. “त्यांच्याकडे करतेस होय. छान. करा.”

“आई, तू जळतेस?”

“मी कशाला जळू? चायनीज आजीबाईंचं स्वयंपाकघर झालं, तू तिथे देव बसवायला. माझी शेगडी परवा बसतेय, गॅरेजमधली काढून नेणारेत, तू कुठे? ओरेगनला चाललीस ना पुढे?”

खरं होतं ते. एका ओळखीच्या व्हॅनमधून वर ओरेगनला जायचं ठरलं होतं.

“गॅरेजमधली काढू नकोस,” मी म्हणाले. माझ्या तोंडून ते कसं आलं कळलं नाही.

“का? तू येणारेस वापरायला?”

“थांब, दूध लावते,” म्हणाले आणि फोन तसाच हातात धरून आत गेले.

पोपोने लाल कागद कोनाड्यात चिकटवला, संत्री ठेवली, उदबत्ती लावली. घरात दुधाचा थेंब नसतो, पोपोला पचत नाही, म्हणून लिनने मोठा कॅन आणला होता. फोन मसाल्यांच्या बरणीला टेकवून ठेवला. पोपो फोनकडे बघून वाकली, आई तिकडून हात जोडून वाकली. मग मी शेगडी पेटवली.

हॉटेलच्या भट्टीसारखा जाळ. आमचं छोटं पातेलं त्यावर म्हणजे पेटत्या होळीवर वाटी. दूध वर आलं नाही, त्याने उडीच मारली. लिनचा हात गॅसकडे गेला, तिचीच कपाटं होती ना! “हात लावू नकोस!” मी आणि फोनमधून आई एकाच वेळी ओरडलो. तिला एक अक्षर कळलं नसेल, पण हात मागे गेला. दूध भसाभसा खाली, चर्र आवाज, धूर, एग्झॉस्ट विमानासारखा, आणि पोपो टाळ्या वाजवतेय.

“कुठे गेलं? पूर्वेला गेलं का?” आई विचारत होती.

लिनने फोनवर दिशा पाहिली. “पश्चिमेला.”

“अरे देवा,” आई म्हणाली.

पोपोने विचारलं काय झालं. लिनने सांगितलं. पोपोने खिडकीकडे बोट केलं, धुक्याकडे, समुद्राकडे, आणि हळू काहीतरी म्हणाली.

लिनने सांगितलं. “म्हणते, पश्चिमेला, समुद्रापलीकडे तिचं गाव आहे. बरोबर गेलं.”

मी ते मराठीत आईला सांगितलं. मग पदर नसताना पदराने पुसतात तसं तिने बाहीने नाक पुसलं. “मग बरोबर आहे,” म्हणाली. “आजीबाईंना सांग, खीर गरमच खा.”

रात्री नातलग येऊन भरपूर जेवले, अख्खा मासा, अख्खी कोंबडी, खिरीला मात्र फक्त मी आणि एक धीट मामा. मी ओंडक्याच्या खळग्यावरून हात फिरवला. जळतच फिरवला. मग फोन काढून ओरेगन कॅन्सल केलं. तिकीट बदलायला जवळपास मूळ तिकिटाएवढे पैसे गेले, तेव्हा वाचकहो, फिरायला जाताना परतीचं मन आधी विचारून घ्या.

निघताना पोपोने तीळवाल्या हसऱ्यांचा डबा दिला. “आईला दे,” लिनने तिच्या वतीने सांगितलं. “आणि सांग, आमचे मुद्दाम हसतात.”

घरी

न्यूअर्कहून ट्रेनने प्रिन्स्टन जंक्शनला आले, बाबा घ्यायला. घरात शिरले तर नवं किचन झगमगत होतं. टाइल ऑफ-व्हाइट. शेगडी सपाट, काळ्या काचेची, जाळ नाही, नुसते आकडे. आईने तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं.

“काय जेवताय मग?”

“बाहेरचं,” बाबा म्हणाले. “आई तुझी वाट बघतेय.”

“मी कुणाची वाट बघत नाही,” आई म्हणाली. “वेळ झाला नाही.”

तिने प्लॅस्टिक काढलं आणि हळदकुंकवाचं बोट काचेला लावलं. मी पातेलं काठोकाठ भरून ठेवलं. तिघं उभे राहिलो. दूध हळूहळू फुगलं, काठावर आलं, एक थेंब ओघळून आकड्यांवर पडला, आणि शेगडी टीं टीं करून बंद झाली. दूध खाली बसलं.

“हे काय?”

“सेफ्टी,” बाबा म्हणाले.

पुन्हा लावलं. पुन्हा टीं टीं. तिसऱ्यांदा आईने त्या काचेला असं पाहिलं की मला भीती वाटली.

“एक थेंब गेला ना, चालतं,” बाबा म्हणाले.

“थेंबाला उतू जाणं म्हणतात का?”

मी पातेलं फडक्याने उचललं आणि गॅरेजचं दार उघडलं. शेगडी तिथेच होती. फॉइल, स्टूल, झारा, सगळं. शेजारी नेणाऱ्याने बांधून ठेवलेला सिलिंडर. “म्हटलं, चार दिवस थांबा,” आई माझ्या मागून म्हणाली, जरा घाईने. बाबांनी सिलिंडर जोडला, मोठं दार वर केलं. बाहेर बर्फ होता. आईने जॅकेट चढवलं, मला तिची जुनी शाल दिली. काडी मीच ओढली.

निळा जाळ. दूध या वेळी कुणाला न विचारता वर आलं, काठावरून सांडलं, शेगडीवरून टेबलावर, टेबलावरून जमिनीवर, आणि उतारावरून दाराकडे, ड्राइव्हवेच्या बर्फाकडे. वाफ निघत होती.

“ही कुठली दिशा?” आईने विचारलं.

बाबांनी फोन काढला, फिरवला, पुन्हा फिरवला. “आग्नेय. साधारण.”

“पूर्वच समजा,” आई म्हणाली. “तिकडेच नाशिक.”

मी गॅरेजमधल्या स्टुलावर बसले, आई खीर ढवळायला लागली. टेबल तिच्यासाठी उंच आहे. इतकी वर्षं ती खांदा वर उचलूनच ढवळत आली असणार, मी पाहिलं नव्हतं. भिंतीवर बाबांचा टेप लटकत होता. तो काढला आणि तिच्या कोपराला लावला.

“काय करतेस?”

“हलू नकोस.”

“खीर लागेल गं खाली!”

“लागू दे. हलू नकोस.”

लिनच्या ओट्यावर मी अजून जळते. तिला फोटो पाठवला, फॉइल, शेगडी, सांडलेलं दूध, आईचं कोपर आणि त्यावर टेप. दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘तुमचा जाळ बाहेर बर्फात दिसतो? हे बरोबर नाही, मला जळवू नकोस.’

आईला वाचून दाखवलं. तिने खिरीची पहिली वाटी शेगडीपुढे ठेवली, शेजारी पोपोचा एक हसरा गोळा, आणि दुसरी वाटी मला देत म्हणाली, “तिला म्हणावं, येऊन बघ.”